मोहाखालचा कोपरा

वनहक्काच्या दाव्यासाठी आम्ही सखूमावशींच्या शेताची हद्द जीपीएसवर टिपत होतो. प्रत्येक कोपऱ्यावर यंत्र धरून थोडं थांबावं लागतं, मग अक्षांश-रेखांश स्थिरावतात. मोहाखालचा कोपरा मावशींनी दोनदा टिपायला लावला.

"इथं माझी पोर पुरलीय. बारसंही झालं नव्हतं. ती हद्दीत आली ना, भाऊ?"

"आली, मावशी."

"माझा शब्द सरकारला चालत नाही, ह्या डबीचा चालतो. वाच बरं."

मी आकडे वाचले आणि दाव्याच्या कागदावर उतरवले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीला उपग्रहाची साक्ष लागावी, याचा मला संताप येत होता. मावशी मात्र ते आकडे सावकाश पाठ करत होत्या. त्या पोरीबद्दल कुठल्याही कागदावर उतरलेलं तेवढंच होतं.