मंडईच्या दिवशीची वसुली

सोमवार. दिवाळी होऊन आठ दिवस झालेले. सकाळी साडेनऊ, शटर अर्धं वर. हजर: मी, माझे यजमान आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. गैरहजर: ज्यांच्यासाठी बैठक बोलावली होती ती सगळी उधारीची गिऱ्हाइकं.

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला आमचं पाइप, नळ आणि पाण्याच्या टाक्यांचं दुकान आहे. मामाजींनी सुरू केलं, यांनी वाढवलं आणि गेली अकरा वर्षं त्यातले कागद मी सांभाळते. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याचा निरोप आला होता की शनिवारपर्यंत एक लाख जमा करा, नाहीतर यापुढे माल रोखीने. रोखीने घ्यायचा तर उन्हाळ्यासाठी टाक्या भरून ठेवता येणार नाहीत, आणि आमची वर्षाची अर्धी कमाई उन्हाळ्यातच होते. प्रश्न एवढाच होता, पण तो एवढा होता.

मी नवीन नियमांचा कागद वाचून दाखवला. उधारी तीस दिवसांची. प्रत्येकाची मर्यादा आणि मुदत अर्जावर लिहिलेली, खाली सही. जुनी बाकी मिटल्याशिवाय नवा माल नाही. यजमान "बढ़िया है" म्हणाले. पक्कं कबूल करायचं नसलं की ते हिंदीत बोलतात.

मामाजींनी विचारलं, "तीस दिवस कोनं ठरवले?"

"मी."

"बरं," म्हणाले आणि पाइपांचे सॉकेट मोजायला लागले.

त्याच दुपारी मी एकोणीस जणांना व्हॉट्सॲपवर बाकी पाठवली. सात जणांचे हात जोडलेले आले, चौघांचे अंगठे, एकाने गुलाबाचं फूल पाठवून शुभ दुपार म्हटलं. पण पैसेही आले. मंगळवारी संध्याकाळी पंचावन्न हजार जमा होते. उरलेल्यांत मोठा आकडा एकच, बिरसीच्या पुढच्या एका गावातला नळ बसवणारा मिस्त्री, अठ्ठेचाळीस हजार. तो आला की लाख पूर्ण, वर तीन हजार.

मिस्त्री काही अडलेला माणूस नव्हता. पाच गावांत त्याची कामं चालू होती. अडचण ही की तो सापडत नसे. घरी फोन केला तर कामावर, कामावर गेलं तर दुसऱ्या कामावर. पण बुधवारी त्याच्या गावची मंडई होती. दिवाळीनंतर आमच्याकडे प्रत्येक गाव आपापला दिवस धरून मंडई, म्हणजे गावजत्रा, भरवतं. बाहेर नोकरीला गेलेले घरी येतात, पाहुणे येतात आणि त्या दिवशी घरचा माणूस घर सोडत नाही. मला हा मुद्दा फारच सोयीचा वाटला. मी फोन लावला.

"बुधवारी घरी आहात ना? आम्ही येतो."

"हाव जी मॅडम! याच तुम्ही. साहेबालेबी आना."

मी वहीत लिहिलं, "बुधवार, सकाळी ११, मिस्त्री, तयार आहे."

बुधवारी आम्ही दोघं स्कूटरवर गेलो. वरून बिरसी विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकांचं विमान घिरट्या घालत होतं, खाली रस्त्यावर फुग्यांच्या आणि जिलेबीच्या गाड्या लागत होत्या. मिस्त्रीच्या अंगणात शिरताच पाय धुवायला पाणी आलं, मग खुर्च्या आल्या, मग उडदाचे वडे आले. मी पर्समधल्या अठ्ठेचाळीस हजारांच्या चिठ्ठीवर हात ठेवून बसले.

समोरच्या खाटेवर चार अनोळखी माणसं होती. मिस्त्रीने ओळख करून दिली. ते बालाघाटकडचे पाहुणे होते, त्यांच्या मुलासाठी मिस्त्रीच्या लेकीची बोलणी चालू होती.

"आन् ह्या आमच्या मॅडम," तो त्यांना म्हणाला. "गोंदियाचं मोठं दुकान. मी फोन केला का माल रवाना. पैशाचं तर कधी तोंडातून काढत नाहीत!"

चारही पाहुण्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. यजमान माझ्या कानाशी आले. "अब निकालो चिट्ठी."

मी चिठ्ठी काढली नाही. वडा खाल्ला. मिस्त्रीची बायको आणखी दोन वाढून म्हणाली, "काऊन जी, आमच्या घरचं गोड नाही लागून राहिलं का?" मग खीर झाली. निघताना घरात जेवढी लहान मुलं होती तेवढी दारात उभी होती, आणि मंडईला गेलेला पाहुणा मुलांच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय निघत नाही. सात मुलं, प्रत्येकी पन्नास. परत येताना फाट्यावर थांबून मी वहीत नोंद केली, "मिस्त्री, वसुली वजा साडेतीनशे." यजमान स्टँडला लावलेल्या स्कूटरवर बसून इतके हसले की ती आडवी होता होता राहिली.

मला हसू येत नव्हतं. शनिवारला तीन दिवस होते. गुरुवारी बाकीच्यांना फोन केले, दोन हजार मिळाले. मी दागिन्यांचा विचार करायला लागले होते.

शुक्रवारी दुकान उघडताच मिस्त्री स्वतः आला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून नोटा काढून त्याने काउंटरवर ठेवल्या. अठ्ठेचाळीस हजार.

"मॅडम, तुम्ही बुधवारी पर्स धरून बसल्या होत्या, मी पाहून राहिलो होतो. पाहुन्याईसमोर काढलं असतं तं माही लेक घरीच रायली असती."

"मग आधीच का नाही दिले?"

"होते कुठी? मी ज्याईचे नळ बसवतो ते रायपूरले, नागपूरले नोकरीले. मंडईले घरी येतेत, हिशेब करतेत आन् जातेत. काल दिले त्याईनं, आज मी तुमाले."

मी मामाजींकडे वळले. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"चाळीस साल झाले."

"मग सोमवारी सांगितलं काऊन नाही?"

"तू कागद वाचून राहिली होती. मधात बोलनं बरं दिसत नाही."

पैसे त्याच दिवशी नागपूरला गेले आणि संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन आला, टाक्या नेहमीसारख्या पाठवतो. मी नियमांतले तीस दिवस खोडून 'गिऱ्हाइकाच्या गावच्या मंडईपासून तिसरा दिवस' असं लिहिलं आणि सगळ्या गावांच्या मंडईच्या तारखा विचारून यादी लावली. यजमानांनी या वेळी मराठीत होकार दिला.

राहिला मिस्त्री. जुनी बाकी मिटवून तो जाताना थांबला होता. बालाघाटचे पाहुणे नवं घर बांधतायत, लग्न ठरलंय, आणि त्या घराचे पाइप त्यालाच बसवायचेत. त्याने बासष्ट हजारांचा माल उचलला, उधारीवर. बालाघाटकडे मंडई कधी भरते ते त्याला नक्की माहीत नव्हतं. त्याच्या अर्जावर त्याची सही आहे, पत्ता आहे, फोन आहे. मुदतीचा रकाना अजून कोरा आहे. तो भरायचा आहे.