रिकाम्या पानाचं वजन

नाकाडोंगरीचा कमलेश पटले नागपूरच्या एका कंपनीसाठी घरूनच संकेतस्थळं तपासतो. एकाच वेळी हजारो माणसं तुटून पडली तर संकेतस्थळ तग धरेल का, हे आधी पाहून ठेवणं त्याचं काम. त्याच्याकडचं सॉफ्टवेअर दहा हजार खोटे वापरकर्ते उभे करतं, त्यांना एकेका पानावरून फिरवतं आणि सर्व्हरकडून आलेलं प्रत्येक पान किती केबीचं होतं, ते मोजतं.

त्या गुरुवारी एका खासगी विद्यापीठाच्या निकालाचं संकेतस्थळ होतं. कुठलंही पान पाचशे केबीच्या वर जायचं नाही, अशी अट होती. कमलेशच्या अहवालात चार ओळी होत्या: लॉगिन ११०, मुखपृष्ठ ३००, विषयांची यादी ४८०, गुणपत्रिका ९९२. गुणपत्रिकेचं पान त्याच कंपनीतल्या, कोंढा गावच्या खुशबूने बनवलेलं. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती.

"तीन वाजता मीटिंग आहे," प्रकल्पप्रमुख धनंजयने सकाळीच सांगितलं होतं. "हा आकडा पाहून तिले ठेवता येत नाही. तुया आकडा पक्का आहे ना?"

"पक्का आहे," कमलेश म्हणाला होता.

सव्वा वाजता खुशबूचा फोन आला.

"भाऊ, मायं पान हजाराचं नाही हो. माया ब्राउझरवर पाचशेच्या जवळपास दाखवून राहिलं."

"तू एकटी पाहून राहिली. मी दहा हजार लोकं सोडले होते."

"दहा हजार लोकं आले म्हणून गुणपत्रिकेवरचे मार्क वाढतात का?"

कमलेशने फोन ठेवला. त्याने चाचणी पुन्हा चालवली. ९९२. पुन्हा एकदा. ९९२. एक केबी इकडे नाही की तिकडे नाही.

असा हटवादी आकडा त्याने पूर्वी पाहिला होता. या कामाला लागण्याआधी सहा वर्षं तो खाणीच्या रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर बसायचा. मँगनीजचा ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला. रिकाम्याचं वजन माहीत नसेल, तर भरलेल्याच्या वजनाला अर्थ नसतो. आणि इथे तो रिकामं काही न तोलताच अहवाल पाठवत होता.

त्याने चाचणीच्या सर्व्हरवर एक पान ठेवलं. त्यात एक अक्षरही नव्हतं. ते यादीत सगळ्यात वर टाकलं आणि चाचणी चालवली. रिकामं पान: शून्य. गुणपत्रिका: ९९२.

म्हणजे काटा बरोबर होता. म्हणजे खुशबू जाणार होती.

"जेवाले येता का नाही?" दारातून रिताने, त्याच्या बायकोने, विचारलं. "तुमच्या त्या दहा हजारांतल्या एकालेबी भूक नाही लागत का?"

"पाच मिनिटं."

"अकरा वाजल्यापासून पाचच मिनिटं चालू आहेत."

दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. इन्व्हर्टरवर राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत कमलेश काळ्या पडद्यासमोर बसून राहिला. पावसाळ्यात ट्रक उतरून गेल्यावर काट्याच्या पाट्यावर चिखल उरायचा. समोर गाडी नाही आणि आकडा चाळीस किलो. तो झाडू घेऊन बाहेर जायचा, पाटा साफ करायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि मगच पुढची गाडी चढवायचा. सकाळच्या पहिल्या गाडीला ही भानगड नसे.

त्याने रिकामं पान वरून काढलं आणि गुणपत्रिकेच्या खाली, सगळ्यात शेवटी ठेवलं.

रिकामं पान: ९९२.

सॉफ्टवेअर आधीच्या पानांचं वजन पुढच्या पानावर चढवत होतं. महिन्यापूर्वी कमलेशनेच एक बदल केला होता. प्रत्येक पानासाठी सर्व्हरशी नवी जोडणी उघडण्याऐवजी वापरकर्ता एकाच जोडणीवर चारही पानं पाहील, खऱ्या माणसासारखा. मोजणी मात्र नवी जोडणी उघडली तरच शून्यावर यायची. शेवटचं पान सगळ्यांचं ओझं वाहायचं, आणि शेवटचं पान खुशबूचं होतं.

दोन ओळी दुरुस्त करून त्याने चाचणी चालवली: ११०, १९०, १८०, ५१२. शेवटच्या रिकाम्या पानापुढे शून्य. तीनला बारा मिनिटं होती. त्याने धनंजयला फोन लावला.

"आकडा चुकला. चूक मायी आहे, तिची नाही."

"सकाळी तं पक्का म्हणत होता बे! म्हणजे तुये मागचे रिपोर्ट?"

"महिनाभराचे सारे चुकीचे. पुन्हा काढून देतो."

धनंजयने विचारलं, "गप राहिला असता तं कोनाले समजलं असतं?"

"कोनीबी एक रिकामं पान चालवलं असतं, तं त्याले समजलं असतं. नवा रिपोर्ट पाठवून राहिलो. तो पाहा, मंग मीटिंगले बसा."

५१२ हा आकडाही अटीपेक्षा बारा केबींनी जास्तच होता. "सुमारे ५००" लिहिता आलं असतं. त्याने ५१२ लिहिलं आणि अहवाल पाठवला.

पावणेचारला खुशबूचा फोन आला. नोकरी राहिली होती. पान अटीत बसवायला तिला दोन दिवस मिळाले होते.

"भाऊ, बारा केबी तं सोडाचे होते!"

"विद्यापीठाचं चिन्ह फार मोठं लावलं तू. ते लहान कर, बारा तिथंच निघतील."

"आधी सांगाचं ना मंग!"

"आधी मले तुयं पान हजाराचं दिसून राहिलं होतं."

आता कमलेशच्या प्रत्येक अहवालातली शेवटची ओळ रिकाम्या पानाची असते. तिच्यापुढे शून्य आलं नाही, तर तो अहवाल पाठवत नाही. महिनाभराचे जुने अहवाल पुन्हा काढायला त्याला नऊ दिवस लागले. त्यांत आणखी दोघांची पानं निर्दोष निघाली. त्या दोघांनाही त्याने स्वतः फोन केले.