तारीख न कळणारं सॉफ्टवेअर

आमच्या सणसवाडीच्या कंपनीत बादल्या तयार होतात आणि किस्से फुकट! बादल्या ट्रकमधून जातात, किस्से मात्र माझ्याकडंच साठतात, कारण मेंटेनन्सचा रिपोर्ट मी काढते. घरी शिरूरला नवऱ्याला सांगायला जावं तर तो टीव्हीचा आवाज वाढवतो. म्हणून तुम्ही ऐका.

आमचे प्लँट हेड देशमाने साहेब. त्यांनी सॉफ्टवेअर करून घेतलं मेव्हण्याकडून. मशीन किती वाजता बंद पडलं, किती वाजता चालू झालं, एवढं भरायचं. वजाबाकी ते करणार. तारखेचा रकाना टाकायला मात्र मेव्हणा विसरला! मी साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, तो इंजिनिअर आहे!" विषय संपला.

यात अडकला आमचा फिटर सलीम. वरवंडचा, गुणी पोरगा, पण कॉन्ट्रॅक्टवर. दुरुस्तीला सरासरी किती वेळ लावतो, यावर त्याचं परमनंट ठरणार आणि परमनंटवर लग्न. कोरेगाव भीमाची मुलगी पसंत होती, पण तिच्या अब्बांनी तोंडावर सांगितलेलं, "पोरगा चांगला हाय, पण लेटर आल्याबिगर तारीख न्हाई." पोरगं नुसतं झुरत होतं. मला फार वाईट वाटायचं हो.

*

पहिल्याच आठवड्यात एक मशीन दुपारी चारला बंद पडलं. पार्ट दुसऱ्या दिवशी आला, सकाळी नऊला मशीन चालू. सॉफ्टवेअर म्हणालं, मायनस सात तास!

सलीम घाबरला. "ताई, मायनस म्हंजी माझ्याच अंगावर आलं का ओ?"

मला तरी काय माहीत! पुढं पार्ट कायम दुसऱ्या दिवशीच यायला लागले आणि मायनस वाढतच गेला.

*

शनिवारी अकराला मोठं मशीन बसलं. रविवारी सुट्टी. सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी चालू झालं. रिपोर्टमध्ये काय? दहा मिनिटं!

साहेबांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. शनिवारपासून गेटवर माल भरायला थांबलेला ट्रकवालासुद्धा बिचारा टाळ्या वाजवत होता.

*

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! आमचा बिहारचा ऑपरेटर मुन्ना दुपारी दोनला जेवायला गेला, तो दुसऱ्या दिवशी सव्वादोनला उगवला.

"कुठं होतास रे?"

"मॅडम, पंद्रह मिनट ही तो हुआ! कंप्यूटर से पूछ लो."

*

एकदा सकाळी साडेदहाला बंद पडलेलं मशीन सलीमनं दुपारी दीडपर्यंत तयार केलं. बटण दाबणार, तेवढ्यात साहेब धावत आले.

"थांब! आत्ता चालू केलंस तर तीन तास दिसतील. उद्या दहा पस्तीसला चालू कर. पाच मिनिटं!"

"तयार मशीन बंद ठेवायचं व्हय, साहेब?"

"परमनंट व्हायचंय का नाही तुला?"

आणि खरंच, धडधाकट मशीन दिवसभर झाकून ठेवलं! मी कपाळाला हात लावला.

*

महिनाअखेरीला मालक स्वतः आले. सलीमचा फैसला त्याच दिवशी. केबिनमध्ये तो माझ्याशेजारी उभा. मालकांनी रिपोर्ट डोळ्यांजवळ नेला.

"सरासरी मायनस दोन तास? म्हणजे काय?"

देशमाने साहेब अडकले. सॉफ्टवेअर चुकलं म्हणावं, तर मेव्हण्याचं नाव निघणार!

सलीम पुढं सरकला. "मालक, खरं सांगायचं तर..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

साहेब अडखळत म्हणाले, "सर, म्हणजे... मशीन बंद पडायच्या दोन तास आधीच हा दुरुस्त करतो."

मालक खुर्चीतून उठले.

"यालाच म्हणतात प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स! आणि असा माणूस तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर ठेवलाय?"

लेटरवर तिथंच सही झाली. मालकांनी सलीमच्या पाठीवर हात ठेवला. "पण तुला आधीच कळतं कसं रे?"

सलीमनं एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा लेटरकडं.

"आवाजावरनं, मालक."