सातवा उपचार

आमच्या कुटुंबात एक गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. धाकट्या काकाने मोठेपणा घेतला, कित्येक वर्षांचा अबोला मोडून तो आपण होऊन दादाशी बोलला. हा धाकटा काका म्हणजे मी. दादाच्या सहस्रचंद्रदर्शनाला पुतण्याने ती माइकवरून सांगितली, टाळ्या पडल्या, आणि मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. ती शरम होती. दादा आणि मी दोघेही अजून धडधाकट आहोत तोवर खरं काय ते लिहून टाकतो.

आमची घरं कुवारबावच्या पुढे, शेजारी शेजारी. मधे जांभ्या दगडाचा गडगा आणि त्यात जायला-यायला एक बेडं, म्हणजे आडवे वासे सरकवून उघडायचं फाटक. गडग्यावरच्या फणसाची एक फांदी मी दादाला न विचारता तोडली. ती माझ्या कौलांवर घासत होती हे खरं, पण तिला फणस लागले होते हेही खरं. दादाने बेड्यात चिरे रचून वाट बंद केली आणि बोलणंही बंद झालं. नंतर फणस, फांदी सगळं मागे पडलं. आधी कोण बोलतो एवढंच उरलं. जो बोलेल तो हरला.

अर्थात आमच्याकडे अबोला असला म्हणून निरोप अडत नाहीत. आडून बोलता येतं. माझा पंप चालू राहिला की दादा आपल्या कुत्र्याला मोठ्याने सांगायचा, "बघ रे, लोकांचे माड पोहायला लागले!" मग मी धावत जाऊन पंप बंद करायचो. आभाळ आलं की मी आमच्या मांजरीला सांगायचो, "आमसुलं भिजतील हो कुणाची तरी!" पलीकडे वहिनी लगबगीने आमसुलं उचलायच्या. कुत्रा आणि मांजर यांच्यात इतका संवाद दुसऱ्या कुठल्या घरात झाला नसेल.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मुंबईच्या माझ्या मुलीने माझं नाव एका संस्थेच्या इंटरनेटवरच्या अभ्यासक्रमात घातलं. विषय नित्यपूजा आणि उपासना. दर आठवड्याला एक पाठ, पाठाखाली प्रश्न, आणि सगळ्यात खाली 'आत्मपरीक्षण'. प्रश्नांना गुण होते, आत्मपरीक्षणाला नव्हते. त्यामुळे आत्मपरीक्षणात माझा हात फार सढळ होता. 'या आठवड्यात राग आवरला का?' नेहमी. 'पूजेत मन स्थिर राहिलं का?' नेहमी. इतकं सात्त्विक होऊन झालं की मी झटकन वर जाऊन गुण किती पडले ते बघायचो.

घरी संगणक नव्हता. एस.टी. स्टँडजवळ एका तरुण मुलीचा सायबर कॅफे होता, प्लायवूड ठोकून केबिनी केलेला. पहिल्या दिवशी पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसले. मला वाटलं, ही पूजेची मांडणीच असणार, आणि मी ती कागदावर उतरवायला घेतली. मुलगी म्हणाली, "आजोबा, तो फॉन्ट नाहीये. थांबा, टाकते."

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात मी केबिनमध्ये बसून शिंकलो. माझी शिंक म्हणजे सुरुंग. थोड्या वेळाने पलीकडच्या केबिनमधून खणखणीत आवाज आला, "निर्माल्य उत्तरेकडे!"

मी ताठ झालो. तो दादा होता. खाली वाकून पाहिलं तर प्लायवूडच्या फटीतून त्याच्या चपला दिसल्या, एका अंगठ्याला तार बांधलेली. मुलीने माझ्याबरोबर काकाचंही नाव घातलं होतं की काय कोण जाणे, पण पडद्यावर माझाही प्रश्न तोच होता. निर्माल्य कोणत्या दिशेला विसर्जित करावं? मी उत्तर टिचकवलं. बरोबर आलं.

मग काय विचारता! त्या दिवसापासून माझे गुण भरतीसारखे चढायला लागले. दादा एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचा, उत्तर त्याहून मोठ्याने द्यायचा, आणि मी अलीकडे गुपचूप खुणा करायचो. म्हातारपणात चक्क कॉपी, तीही देवपूजेच्या विषयात! मला शाळकरी पोरासारखा आनंद झाला होता. घरी येताना मी एस.टी.त उगाच हसायचो. बायको म्हणाली, "त्या कॅफेत नक्की काय बघता?"

एकदा आत्मपरीक्षणात प्रश्न आला, 'सर्वांविषयी प्रेमभाव बाळगता का?' पलीकडून दादाने त्या मुलीला हाक मारली.

"बाय गो, ह्याच्यात 'शेजारी सोडून' असा पर्याय नाय काय?"

"नाही हो आजोबा. होय किंवा नाही, दोनच."

"मग घाल की एक! तो फॉन्ट घातलास तसा."

मी रुमाल तोंडात कोंबला. हसलो असतो तर हरलो असतो.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी मात्र पलीकडून आवाजच येईना. चपला जागेवर होत्या, माणूस होता, पण शब्द नाही. मी आपल्या जिवावर एकेक उत्तर देत गेलो आणि एका प्रश्नावर अडलो. 'षोडशोपचार पूजेतील सातवा उपचार कोणता?' जन्मभर पूजा केली, पण हात आपोआप चालतात, मोजतो कोण? बोटांवर मोजायला लागलो तर दर वेळी नवीनच काहीतरी सातवं येई. वर घड्याळात लोडशेडिंगची वेळ जवळ येत होती. वीज गेली की सगळी परीक्षा पुसली जाणार. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं,

"दादा, सातवा कोणता?"

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "यज्ञोपवीत."

मी टिचकवलं. लाल फुली! बरोबर उत्तर वस्त्र.

"चूक सांगितलंस!" मी ओरडलो.

"मग माझंही चुकलं की रे!" दादा ओरडला.

"आजोबा, परीक्षेत बोलायचं नसतं!" मुलगी ओरडली.

तेवढ्यात माझ्या पडद्यावर शेवटचं आत्मपरीक्षण आलं. 'ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी आपण होऊन बोललात का?' आयुष्यात पहिल्यांदा मी खरंखुरं 'होय' करायला बोट उचललं आणि वीज गेली. काळोखात आम्ही दोघे म्हातारे आपापल्या केबिनमध्ये पोट धरून हसत होतो. त्या मुलीने मेणबत्ती आणली आणि पैसे न घेता आम्हाला बाहेर काढलं.

दुसऱ्या सकाळी दादा बेड्यातले चिरे काढत होता. मी पलीकडून हात लावला. घरात बातमी पसरली की आधी धाकटा बोलला, आणि माझं कौतुक सुरू झालं. उत्तर विचारायला बोललो हे सांगायची लाज वाटली.

तेवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण आठवडाभराने मी सहज वहिनींना म्हटलं, "दादाची मोठ्याने वाचायची सवय बरी आहे."

"ह्यांची?" वहिनी म्हणाल्या. "अहो, पोथीसुद्धा मनात वाचतात. मी म्हणते, निदान देवाला तरी ऐकू जाऊ दे!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती शिंक त्याने ओळखली होती. जसा कुत्र्याशी बोलायचा तसाच तो इतके आठवडे त्या संगणकाशी बोलत होता. आधी तोच बोलला होता, मोठ्याने, सगळ्या कॅफेच्या देखत, आणि मी ते फक्त टिपून घेत होतो. मोठेपणा त्याचा आणि टाळ्या मला. हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी गप्प बसलो.

काल हे सगळं दादाला त्याच्या पडवीत वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. मग खुर्चीखाली झोपलेल्या आताच्या कुत्र्याला म्हणाला, "त्याला सांग, सातवा उपचार वस्त्र. मला तेव्हाही ठाऊक होतं."

"मग यज्ञोपवीत का सांगितलंस?"

दादाने डोळे उघडले आणि या वेळी कुत्र्याकडे न बघता सरळ माझ्याकडे बघितलं.

"फणसाची फांदी," तो म्हणाला. "हेही लिही."