ढावलो गाऊन गेलेली

दिग्रसच्या एसटी स्टँडवर मला सोडायला बापू एकटेच आले. याडी, म्हणजे माझी आई, तांड्यावरच थांबली. लग्न होऊन जाणाऱ्या पोरीला निरोप देतात, गाण्याच्या पार्टीसोबत जाणारीला कसला निरोप, असं तिचं म्हणणं. बापू म्हणाले, "चार महिने गाऊन ये. मंग तुह्यं लगन लावतो." साल छप्पन. मी रडलेबिडले नाही. खुशीत होते.

आमच्यात नवरी घर सोडताना ढावलो गाते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत, पण सुरात. जाणत्या बायका पोरींना तो आधीच शिकवून ठेवतात. गायचा मात्र एकदाच. नागपुरात पार्टीच्या मालकाला कोणी न ऐकलेलं गाणं हवं होतं. ढावलो कशासाठी असतो ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, बघणाऱ्यांना कुठं माहीत आहे. ते खरंच होतं. मी गायले आणि अर्धं थिएटर रडलं. झालं. मग दर खेळाला घर सोडायचं. दुसरं काही गायला लागले की लोक खालून ढावलोच मागायचे, आणि मालक पडद्याआडून डोळे वटारायचा.

पुढे यवतमाळला खेळ लागला. तांड्यावरच्या बायका घेऊन याडी आली. सगळे रडले, आमच्या बायका कोरड्या बसल्या. खेळ संपल्यावर मी तिच्या पाया पडले. म्हटलं, पुरे झालं, उद्या तुमच्यासोबत घरी येते.

"ढावलो गाऊन झाला ना तुह्या?" ती म्हणाली. "मंग घरी कायले येतं बाई? आली त पाहुणी म्हून ये."

बापूंनी लग्नाचा विषय पुन्हा काढला नाही. ढावलो गायलेली पोरगी दिलेली समजतात. दिलेली पोरगी परत कशी द्यायची?

रडवा आवाज काढून काढून गळा गेला. मग मालकाने मला दोन गाण्यांच्या मध्ये बोलायला उभं केलं. मी पुढच्या रांगेतल्या शेठ लोकांना आमच्या बोलीत टोमणे मारायचे, लोक हसायचे. त्याच हसण्यावर पुढे मुंबईत टेलिव्हिजनवाल्यांनी बोलावलं. गाणी, नकला, जादू असा कार्यक्रम, आणि मी खुर्चीत बसून एकेकाची ओळख करून द्यायची. तिथे 'मले', 'तुले' चालायचं नाही. शिकले पुस्तकी बोलायला. तुम्ही मला ओळखता ती ही खुर्चीतली.

तांड्यावर गेले की माझ्यासाठी नवी चादर निघते. भावजय चुलीला हात लावू देत नाही. चार दिवस झाले की सहज विचारते, "जाणं कवा हाये?" तिच्या मनात वाईट नसतं. माहेरी आलेलीला असंच विचारतात.

पुण्या-मुंबईला गेलेल्या तुम्ही पोरी मला विचारता, आत्या, आपलं घर कोणतं. माहेर आहे मला, चार दिवसांचं. आणि स्टुडिओत दिवे लागले की हसरं तोंड करायचं, समोरच्यांची मर्जी राखायची, मध्येच उठून जायचं नाही. सासर म्हणजे दुसरं काय असतं?