वाकडा पूल गेला!

प्रांताचं वेगळं राज्य मागणारे पुढारी राजधानीनं तुरुंगात कोंबले. तेवढ्यानं पोट भरलं नाही, म्हणून बसथांब्यांची नावंही बदलली. वाकडा पूल झाला 'राष्ट्रैक्य सेतू'. लोहारआळी झाली 'अखंडता मार्ग'. असली नावं चावायला दातही सरकारीच हवेत! वर हुकूम निघाला: जुनं नाव पुकारणाऱ्या कंडक्टरची नोकरी गेलीच समजा.

पुलावरून जाणाऱ्या बसची कंडक्टर एक विधवा होती. सगळे तिला अक्का म्हणत. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. लेक म्हणाली, "आई, तोंडाला कुलूप लाव. चळवळीला मोकळे लोक आहेत. तू आपल्या चुलीचं बघ."

अक्कानं कुलूप लावलं, पण आपल्या तऱ्हेनं. जुनं नाव घ्यायचं नाही ना? मग नवंही घेणार नाही. ती नुसती तिकिटं फाडू लागली. तसंही, इतकी वर्षं पुकारून कोण ऐकत होतं?

एका दुपारी तपासनीस चढला. इथलाच पोर, पण राजधानीत राहून बोलणं तिकडचं झालेलं.

"थांबा का पुकारत नाही, बाई?"

"घसा बसलाय, साहेब."

"घसा की माज?"

"दोन्ही एकाच जागी असतात, साहेब."

लोक खुसखुसले. साहेबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पुढचा थांबा नव्या नावानं पुकारायचा. नाहीतर आजच तिकिटांची बॅग जमा करा आणि घरी बसा!"

अक्काच्या डोळ्यांपुढे चूल आली. तरी ओठ हलले नाहीत. घंटी नाही, म्हणून ड्रायव्हर थांबला नाही. पूल मागे पडू लागला. पुलाच्या पायथ्याशीच साहेबाच्या आईचं घर, त्याला तिथंच उतरायचं होतं. तो ताडकन उठला आणि आईच्या बोलीत ओरडला, "अगं अक्का, थांबव! वाकडा पूल गेला ना!"

सगळ्या माना साहेबाकडे वळल्या.

मग मागून दूधवाली आजी म्हणाली, "कुठला पूल, लेकरा? परत सांग की, छान म्हणतोस."

हशानं काचा खडखडल्या. अक्कानं घंटी दिली. साहेब उतरला, कान लालबुंद. बॅगेचं नाव नाही. खालून एवढंच पुटपुटला, "घशाला... औषध घ्या."

अक्कानं डबल बेल दिली. पुढचं वळण आलं. ती गप्पच होती.

"लोहारआळी," आजी म्हणाली. मग खिडकीतून कोणीतरी, मग दारातून, मग अख्खी बस: "लोहारआळी!" अगदी अक्काच्याच चालीत, शेवट तसाच लांबवून.

म्हणजे ऐकत होते सगळे! आता मात्र तिचा घसा खरोखरच बसला होता. तिनं घंटीची दोरी ओढली.