चालण्याचा टाइम स्टडी

डॉक्टरांनी वजनकाट्यावरचा आकडा वाचला आणि म्हणाले, "शहाण्णव. किडनी द्यायची असेल तर चौऱ्याऐंशीपर्यंत या. साखर काठावर आहे, तीही वजनाबरोबर उतरायला हवी. नाही उतरली तर दाता म्हणून तुम्हाला घेता येणार नाही."

शेजारी बायको बसली होती. किडनी तिला हवी होती. आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस चालू होतं. तिच्या आईला मधुमेह, भाऊ-बहीण कुणी नाही. माझा रक्तगट जुळत होता, बाकीच्या तपासण्याही ठीक आल्या होत्या. म्हणजे अडलं होतं ते फक्त माझ्या पोटापाशी.

"मी दिवसभर चालतोच की," मी म्हणालो. चाकणच्या एका कारखान्यात मी इंजिनीअर आहे. असेंब्ली लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या चालूच असतात, मोबाइल रोज दहा हजार पावलं दाखवतो.

"चार पावलं चालायचं आणि उभं राहायचं, त्यानं पाय दुखतात," डॉक्टर म्हणाले. "सलग चाला. अर्धा-पाऊण तास, झपाझप. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम लागला पाहिजे. आठवड्यातले पाच-सहा दिवस. आणि चालून कमावलेलं ताटात घालवू नका."

मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला नेहमीच आधी राग येतो, पटतं नंतर.

पुनावळ्यात आमच्या सोसायटीतल्या पुरुषांचा चालण्याचा एक कंपू आहे. दुसऱ्या दिवसापासून पहाटे मी त्यांच्यात जाऊ लागलो. तासभर चालायचं, मग हायवेकडच्या टपरीवर पोहे आणि चहा, मग घरी येऊन आंघोळ करून कंपनीची बस पकडायची. सकाळ छान जायची. दीड महिन्यानं काट्यावर उभा राहिलो तर अर्धा किलो वाढलेलं. कंपूतल्या सगळ्यात जुन्या मेंबरनं मला धीर दिला, "भावा, वजन असं लगेच उतरत नसतं. अंगात मुरलंय ना राव ते." स्वतः तो सहा वर्षं चालत होता आणि त्याचं पोट त्याच्या पुढे अर्धा फूट चालत होतं.

कारखान्यात माझं काम टाइम स्टडीचं. स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं आणि त्याच्या तासात खरं काम किती, पाना शोधणं किती, नुसतं थांबणं किती, हे लिहायचं. मी दिसलो की लाइनवर कुणी हसत नाही. एके दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या डोक्यात आलं, की दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ सेकंदात मोजणाऱ्या माणसानं आपलं मुसळ कधी मोजलंय का?

दुसऱ्या दिवशी घड्याळ खिशात घेऊन गेलो. पाय थांबले की घड्याळ थांबवायचं, सुरू झाले की सुरू करायचं. तासाभरात मी एकतीस मिनिटं चाललो होतो. बाकी वेळ गेटवर कुणाची तरी वाट बघण्यात, फ्लॅटच्या भावांवर चर्चा करण्यात आणि एका मेंबरच्या बुटाची नाडी सुटायची त्यात गेला होता. ती नाडी रोज सुटायची आणि आम्ही आठ जण तिच्यासाठी थांबायचो. चाललो तेही वरातीच्या वेगानं. वर पोहे आणि दोन चहा. एखाद्या ऑपरेटरनं असं काम केलं असतं तर मी वर अहवाल पाठवला असता. इथे माझ्या बायकोच्या अंगात सुया जात होत्या आणि मी नाडीसाठी थांबत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

कंपू सोडला. थोडी नाराजी झाली, होऊ दिली. एकटा चालायला लागलो तेव्हा कळलं, की सलग म्हणजे काय. पहिल्या दिवशी बाराव्या मिनिटाला कुशीत कळ आली आणि एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या कंपाउंडला धरून उभा राहिलो. वॉचमननं विचारलं, साहेब, पाणी आणू का? दर आठवड्याला तीन-चार मिनिटं वाढवत चाळीसवर नेलं. मग तीन मिनिटं जोरात, दोन मिनिटं साधं, असं आलटून पालटून सुरू केलं. शर्ट पिळून निघायचा. टपरीसमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचो. दोन महिन्यांत एक्क्याण्णव झालं. मी डायलिसिसच्या खुर्चीपाशी उभा राहून बायकोला आकडा सांगितला. ती "बरं" म्हणाली.

आणि तिथून वजन हललंच नाही. एक आठवडा, तीन आठवडे, सात आठवडे. चालणं तेवढंच, उलट पाच मिनिटं जास्त. मला काट्याचा संशय आला. गव्हाच्या पिठाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या त्याच्यावर ठेवल्या. बरोबर दहा. काटा प्रामाणिक होता. तिकडे डॉक्टरांनी बायकोचं डायलिसिस दोनाचं तीनदा केलं. तिच्या चेहऱ्याला आलेला काळपटपणा मला बघवत नव्हता आणि मी रोज सकाळी दात-ओठ खाऊन चालत होतो, पालथ्या घड्यावर पाणी.

एका रविवारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ती चपात्या करत होती. सात आठवडे रात्री मी मुकाट जेवत होतो, ताट वाढलेलंच समोर यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तिनं चपातीच्या घडीत चमचाभर तूप घातलं, घडी घालून पुन्हा तूप लावलं, भाजल्यावर वरून पुन्हा. माझ्या भाजीत दाण्याचं कूट मूठभर पडलं आणि वर तेलाचा तवंग. तिची स्वतःची अळणी भाजी बाजूला होती, तिच्यात तेल नावाला.

"हे रोज असतं?"

तिनं लाटणं थांबवलं नाही. "तुम्ही एक्क्याण्णववर आलात तेव्हापासून."

"मी कुणासाठी मरतोय चालून?" माझा आवाज एवढा चढला, की आतल्या खोलीत मुलीचा मोबाइल एकदम बंद झाला. ती दहावीला होती.

"कशाला ओरडायलात? तिला ऐकू जातंय." बायको माहेरच्या हेलात बोलायला लागली म्हणजे ती घाबरलेली असते. तिचं माहेर अंबाजोगाईकडचं. "मला नको तुमची किडनी. माझं जे व्हायचं ते होईल. चांगल्या माणसाचं पोट फाडायलेत, त्यात काही कमीजास्त झालं तर पोरीनं कुणाकडं बघावं? मी नको म्हणले असते तर तुम्ही ऐकणार होतात का? वजनच उतरलं नाही तर डॉक्टरच नाही म्हणतील. त्यांचं तर ऐकलं असतं."

तवा जळत होता. मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसलो. भांडायला माझ्याकडे खूप मुद्दे होते, पण तिची भीती माझ्यासाठी होती. शेवटी म्हणालो, "तू डॉक्टरांकडे चल. मला बाहेर बसव. तुला जे जे वाटतं ते सगळं त्यांना विचार."

ती गेली. पाऊण तास आत होती. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाली, "उद्यापासून तेल मोजून घालते. पण मी हो म्हटलेलं नाही."

तेवढ्यावर मी चालत राहिलो. ताटात दोन चपात्या, कोशिंबीर जास्त, तिसरी मागितली तर ती डबा उचलून आत न्यायची. काटा हलला. मध्ये एकदा ताप आला आणि दहा दिवस गेले, एकदा गावाकडच्या लग्नात जिभेनं घात केला. तरी चार महिन्यांनी चौऱ्याऐंशीच्या खाली आलो. साखरही जागेवर आली. डॉक्टरांनी फाइलवर सही केली. बायकोचं उत्तर तेवढं राहिलं होतं आणि मी ते विचारत नव्हतो, कारण उत्तर 'नाही' आलं असतं तर पुढे काय करायचं हे मला माहीत नव्हतं.

किडनी देण्याआधी हॉस्पिटलची समिती दोघांना बोलावते. कुणावर जबरदस्ती तर नाही ना, हे बघतात. टेबलामागे चार जण होते. मला विचारलं, मी हो म्हणालो. मग एका बाईंनी तिला विचारलं, "आणि तुम्ही? तुमच्या मनात आहे ना घ्यायचं?"

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं.

"नव्हतं मनात," ती म्हणाली. "पण बाई, हा माणूस खालच्या दुकानातून दही आणायला गाडी काढायचा. वीस वर्षांत माझ्यासोबत कधी पायी देवळात आला नाही. आता पाऊस असो, थंडी असो, रोज पाच किलोमीटर चालतो. मी अडवलं तरी चालला. घेते मी."

बाईंनी लिहून घेतलं. त्या खोलीत रडायचं नाही असं मी ठरवून गेलो होतो. ते काही जमलं नाही.